वाचकांचे प्रश्न : खुलासा त्याच पडद्यावर हवा

गेल्या महिन्यात या सदरासाठी दूरचित्रवाणी आणि रेडिओ यांच्या व्यवसायनीतीविषयी प्रश्न मागवले होते. पत्रे अपेक्षेपेक्षा जास्त आली. बहुतेक नाशिक शहरातून, काही निफाड, येवला आणि मालेगावहून. निम्म्या पत्रांत प्रश्नापेक्षा संतापच अधिक आहे आणि तो समजण्यासारखा आहे. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून सहा प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे. नाव छापू नये असे अनेकांनी कळवल्यामुळे फक्त भागाचा किंवा तालुक्याचा उल्लेख केला आहे.

प्रश्न : आमच्या वसाहतीतल्या एका शाळकरी मुलीवर अत्याचार झाला. वाहिनीने तिचा चेहरा दाखवला नाही, नावही घेतले नाही. पण आमची गल्ली, कोपऱ्यावरची पिठाची गिरणी, शाळेची पाटी आणि ओट्यावर बसलेली तिची आजी हे सारे दाखवले. संध्याकाळपर्यंत सगळ्यांना घर कळले. तक्रार कोठे करायची, आणि करून उपयोग काय? (सिडको)

उत्तर : चेहरा पुसट केला की कायदा पाळला गेला, असा समज वृत्तवाहिन्यांच्या कचेऱ्यांत पक्का बसलेला आहे आणि तो चुकीचा आहे. पॉक्सो कायद्याच्या, म्हणजे बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या २०१२ च्या कायद्याच्या, कलम २३ मध्ये नाव, पत्ता आणि छायाचित्र यांबरोबरच कुटुंबाचा तपशील, शाळा आणि शेजारपरिसर हे शब्दही स्पष्टपणे आलेले आहेत. तुमच्या पत्रातली गिरणी आणि पाटी या शब्दांत थेट बसतात. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये निपुण सक्सेना प्रकरणात, ज्यामुळे पीडितेची ओळख पटू शकेल अशी कोणतीही गोष्ट उघड करता येणार नाही, असे बजावले आहे. याच कलमात आणखी एक तरतूद आहे, जिच्याकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही : कर्मचाऱ्याने केलेल्या अशा कृत्याला माध्यमाचा मालक किंवा प्रकाशकही जबाबदार धरला जातो. ‘आमच्या स्ट्रिंगरने (बातमीमागे पैसे घेणाऱ्या वार्ताहराने) परस्पर पाठवले’ ही सबब म्हणूनच चालत नाही.

आता तक्रारीचे. हा गुन्हा असल्याने पोलिसांकडे जाण्याचा मार्ग खुला आहेच. त्याशिवाय केबल टेलिव्हिजन नियमांत जून २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार तक्रार निवारणाच्या तीन पायऱ्या ठरल्या आहेत. पहिली तक्रार वाहिनीकडेच करायची. वाहिनीने चोवीस तासांत पोच द्यायची आणि पंधरा दिवसांत निर्णय कळवायचा. समाधान झाले नाही तर वाहिनी ज्या स्वनियामक मंडळाची सदस्य असेल तेथे अपील करायचे आणि त्यानंतर केंद्र सरकारकडे. वृत्तवाहिन्यांचे स्वनियामक प्राधिकरण मात्र मुदतीच्या बाबतीत काटेकोर आहे. प्रसारणापासून सात दिवसांच्या आत वाहिनीकडे तक्रार झालेली असावी, अशी त्याची अपेक्षा असते. त्यामुळे दिवसकार्य, परीक्षा, सुट्ट्या यांत आठवडा घालवू नका.

तक्रारीत भावना कमी आणि तपशील जास्त असू द्यावा. वाहिनीचे नाव, तारीख, वेळ (‘रात्री नऊच्या सुमारास’ नव्हे, तर ‘नऊ वाजून बारा मिनिटे’), पडद्यावरच्या पट्टीतले शब्द जसेच्या तसे, आणि शक्य असेल तर मोबाइलवर घेतलेले चित्रण. मी पाहिलेल्या तक्रारींपैकी बऱ्याच ‘हे लोक समाज बिघडवत आहेत’ अशा वाक्याने सुरू होतात आणि तेथेच संपतात. त्यांवर कोणत्याही मंडळाला काही करता येत नाही. एक विनंती मात्र आवर्जून करतो : तक्रारीच्या प्रती वसाहतीच्या व्हॉट्सॲप गटावर फिरवू नका. वाहिनीने केले तेच आपल्या हातून नको.

प्रश्न : वाहिन्यांना एक लाख रुपये दंड झाल्याच्या बातम्या वाचतो. एवढी रक्कम दहा सेकंदांच्या जाहिरातीत वसूल होत असेल. मग नियामक व्यवसायनीती रुजवणार कशी? (गंगापूर रोड)

उत्तर : हा प्रश्न एका निवृत्त शिक्षकांचा आहे आणि त्यांनी नेमक्या जागी बोट ठेवले आहे. वृत्तवाहिन्यांच्या संघटनेने २००८ मध्ये निवृत्त सरन्यायाधीश जे. एस. वर्मा यांच्या अध्यक्षतेखाली स्वनियामक प्राधिकरण नेमले, तेव्हा कमाल दंड एक लाख रुपये ठरला. ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात हा विषय निघाला, तेव्हाही रक्कम तीच होती. तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांनी, दंडाचे प्रमाण त्या कार्यक्रमातून मिळणाऱ्या नफ्याशी असायला हवे, अशा आशयाचे मत तेव्हा व्यक्त केले. ब्रिटनमध्ये ऑफकॉम हा नियामक खासगी प्रसारकाला अडीच लाख पौंड किंवा उत्पन्नाच्या पाच टक्के, यांपैकी जी रक्कम मोठी असेल तेवढा दंड करू शकतो. आपल्याकडची अडचण रकमेच्याही पलीकडची आहे. २००९ मध्ये एका वृत्तवाहिनीला एक लाखाचा दंड झाला, तेव्हा तिने संघटनेचे सदस्यत्वच सोडून दिले. पंचांचा निकाल पटला नाही म्हणून भावकीतूनच बाहेर पडावे, तसे ते झाले.

तरीही माझा भर दंड वाढवण्यावर नाही. का, ते सांगण्यासाठी एक जुनी गोष्ट सांगतो. तरुणपणी मी एका रेडिओ केंद्रावर नैमित्तिक निवेदक होतो. संध्याकाळी बाजारभाव वाचायचे काम असे. एकदा लासलगावच्या कांद्याचा क्विंटलचा भाव वाचताना माझी नजर एक ओळ खाली घसरली आणि कांद्याच्या जागी भलत्याच मालाचा आकडा वाचला गेला. अर्ध्या तासात फोन सुरू झाले. एका शेतकऱ्याने तर ट्रॅक्टर भरायला घेतला होता. दुसऱ्या दिवशी ड्युटी ऑफिसरांनी मला बोलावले. ते रागावले नाहीत, मानधनही कापले नाही. त्यांनी क्यू-शीटवर, म्हणजे कार्यक्रमांचा क्रम लिहिलेल्या कागदावर, बाजारभावांच्या वरच्या ओळीत स्वतःच्या हाताने खुलासा लिहिला आणि सांगितले, ‘काल ज्यांनी ऐकले ते आज याच वेळी ऐकणार. काल तुमचा आवाज होता, आज तुमचाच हवा.’ ‘काल या वेळी सांगितलेला कांद्याचा भाव चुकीचा होता’ एवढे एक वाक्य मी वाचले. ते वाचताना घसा कोरडा पडला होता. पुढची कित्येक वर्षे आकड्यांच्या ओळीखाली पट्टी धरून वाचायची सवय त्या वाक्याने लागली. मानधन कापले असते तर चार दिवस चडफडलो असतो आणि विसरलो असतो.

कॅनडात हे तत्त्व नियमातच बांधलेले आहे. तेथील खासगी प्रसारकांच्या मानक मंडळाचा निर्णय विरोधात गेला तर प्रसारकाला तो दोनदा जाहीर करावा लागतो : एकदा तीन दिवसांच्या आत, सर्वाधिक प्रेक्षक असतात त्या वेळी, आणि एकदा आठवड्याच्या आत, ज्या वेळी मूळ कार्यक्रम लागला होता त्याच वेळी. आपल्याकडेही माफी दाखवण्याचे आदेश स्वनियामक प्राधिकरणाने दिलेले आहेत. पण मूळ आरोप अर्धा तास ओरडून केलेला आणि माफी मात्र पडद्यावर सरकणाऱ्या मजकुराच्या रूपात, सपाट आवाजात, असे घडले तर प्रेक्षकाला ती माफी वाटणार कशी? निवेदकानेच, त्याच कार्यक्रमाच्या सुरुवातीला, ‘आम्ही काय सांगितले, त्यात चूक काय होती आणि खरे काय आहे’ हे बोलून दाखवावे, असा नियम झाला तर दहा लाखांच्या दंडापेक्षा त्याचा धाक अधिक बसेल. दंडाचा पैसा मालकाच्या खिशातून जातो. लाज मात्र संपादकाची स्वतःची जाते.

दुसरी गोष्ट मोजमापाची. वृत्तवाहिनीच्या कचेरीत दर गुरुवारी टीआरपीचे आकडे आले की त्या आठवड्याची हवा ठरते. ऑक्टोबर २०२० मध्ये मुंबईतील टीआरपी गैरव्यवहाराच्या आरोपांनंतर, प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्या बार्क या संस्थेने वृत्तवाहिन्यांचे आकडे थांबवले. मार्च २०२२ मध्ये ते पुन्हा सुरू झाले तेव्हा एका आठवड्याऐवजी चार आठवड्यांची सरासरी देण्याची पद्धत आली. हा बदल वरवर तांत्रिक दिसतो. परंतु एका रात्रीच्या आरडाओरड्याचे फळ आठव्या दिवशी पदरात पडणार नसेल, तर आरडाओरड्याचा मोह तेवढा कमी होतो. कुणालाही नीतीचा उपदेश न करता केलेले हे नीतीचेच काम आहे आणि नियामकांनी अशा जागा अधिक शोधायला हव्यात.

प्रश्न : एफएमवर लोकांना खोटे फोन करून त्यांची फजिती ऐकवतात. घरी सगळे हसतात, पण मला ते पटत नाही. रेडिओला काही नियम आहेत की नाहीत? (नाशिकरोड)

उत्तर : आहेत. खासगी एफएम केंद्रांना परवाना देताना जो करार होतो, त्यात आकाशवाणीची कार्यक्रम संहिता आणि जाहिरात संहिता पाळण्याची अट असते. त्यांना स्वतःच्या राजकीय बातम्या देता येत नाहीत, त्यामुळे वादही कमी होतात आणि रेडिओच्या नीतीची चर्चा जवळजवळ होतच नाही. ज्याचा आवाज ऐकवला त्याची आधी संमती घेतली होती का, एवढाच तुमच्या प्रश्नातला मुद्दा आहे आणि तो लहान नाही.

डिसेंबर २०१२ मध्ये सिडनीच्या एका एफएम केंद्रावरील दोन निवेदकांनी लंडनच्या रुग्णालयात राजघराण्यातील व्यक्ती असल्याचे भासवून फोन केला आणि ते संभाषण प्रसारित केले. फोन जोडून देणाऱ्या परिचारिकेने काही दिवसांतच आत्महत्या केली. ऑस्ट्रेलियाच्या प्रसारण नियामकाने संमतीविना केलेले हे ध्वनिमुद्रण प्रसारित करणे म्हणजे परवान्याच्या अटीचा भंग आहे, असे ठरवले. केंद्र न्यायालयात गेले आणि मार्च २०१५ मध्ये तेथील सर्वोच्च पीठाने नियामकाचा अधिकार मान्य केला. त्यानंतर केंद्रावर ज्या अटी आल्या त्या वाचण्यासारख्या आहेत : ओळखू येईल अशा व्यक्तीचा आवाज संमतीखेरीज प्रसारित करायचा नाही, निवेदक आणि निर्मिती विभागातील सर्वांनी प्रशिक्षण घ्यायचे, आणि केंद्राने माध्यमनीतीवर तीन तासांचा विशेष कार्यक्रम प्रसारित करायचा. येथेही भर शिकण्यावर आणि उघड बोलण्यावर आहे. आपल्या करारांत अशी अट घालायला कोणतीही अडचण नाही. फक्त ती अजून घातलेली नाही.

नाशिकच्याच ‘रेडिओ विश्वास’ या सामुदायिक केंद्राने टाळेबंदीच्या काळात शाळा बंद असताना विद्यार्थ्यांसाठी पाठ प्रसारित केले होते, हे येथे नमूद करावेसे वाटते. रेडिओवर लोक खिळून राहावेत म्हणून कुणाची तरी फजितीच करायला हवी असे नाही.

प्रश्न : एवढे सगळे करण्यापेक्षा सरकारनेच वाहिन्यांवर थेट नियंत्रण का ठेवू नये? चुकली की बंद करावी. (निफाड)

उत्तर : अशी पत्रे सर्वाधिक आली. तसे घडलेलेही आहे. २००७ मध्ये दिल्लीतील एका शिक्षिकेविरुद्ध बनावट ‘स्टिंग’ दाखवले गेले, जमावाने तिला मारहाण केली, आणि सरकारने त्या वाहिनीचे प्रसारण महिनाभर बंद ठेवले. त्या कारवाईबद्दल फारशी तक्रार कुणी केली नाही. परंतु तोच हात जानेवारी २०२२ मध्ये केरळमधील मीडियावन वाहिनीवर, सुरक्षेचे कारण पुढे करून आणि ते कारण वाहिनीलाही न सांगता, उचलला गेला. सर्वोच्च न्यायालयाने ५ एप्रिल २०२३ रोजी ती बंदी रद्द ठरवली आणि सरकारवरची टीका हे परवाना नाकारण्याचे कारण होऊ शकत नाही, हे स्पष्ट केले. दोन्ही वेळी अधिकार तोच होता.

केबल नियमांतील कार्यक्रम संहितेत ‘अर्धसत्य’ आणि ‘सूचक कुजबुज’ अशा अर्थाचे शब्द आहेत. अर्धसत्य कोणते हे मंत्रालयाने ठरवायचे म्हटले तर शनिवारच्या चर्चेत कोण बसणार हेही हळूहळू तेथेच ठरेल. आकाशवाणीच्या जुन्या संहितेचेच पाहा. अश्लीलता, हिंसेला चिथावणी, धर्मावरील हल्ला यांना मनाई असलेल्या यादीतच केंद्र वा राज्य सरकारवरच्या कडवट टीकेलाही मनाई आहे. नीती आणि आज्ञाधारकपणा एकाच पिशवीत भरले की असे होते.

फेब्रुवारी १९९५ मध्ये बंगालच्या क्रिकेट संघटनेच्या खटल्यात न्या. पी. बी. सावंत यांचा समावेश असलेल्या पीठाने ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निर्णय दिला. सार्वजनिक म्हणजे सरकारी नव्हे आणि मालकांचीही नव्हे, हा त्यातला महत्त्वाचा अर्थ. स्वतंत्र सार्वजनिक नियामकाची वाट त्याच निकालातून निघते. ती वाट आपण तीस वर्षांत चाललो नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये प्रसारण सेवा विधेयकाचा मसुदा आला, २०२४ मध्ये सुधारित मसुद्यावरून वाद झाला आणि तो मागे घेण्यात आला.

मला दक्षिण आफ्रिकेची रचना अधिक व्यवहार्य वाटते. तेथे प्रसारकांनी १९९३ मध्ये स्वतःचा तक्रार आयोग उभारला आणि वैधानिक नियामकाने त्याला मान्यता दिली. जो प्रसारक आयोगाची संहिता स्वीकारतो त्याच्या तक्रारी आयोग पाहतो. जो स्वीकारत नाही तो थेट वैधानिक नियामकाच्या कक्षेत जातो. म्हणजे दंड झाला म्हणून सदस्यत्व सोडले तरी सुटका नाही. आपल्याकडे २००९ मध्ये जे घडले ते तेथे घडू शकले नसते.

प्रश्न : आई रोज दुपारी स्थानिक केबलवर ‘डॉक्टरांचा सल्ला’ पाहते. गुडघेदुखी एकवीस दिवसांत मुळापासून जाते असे सांगून तेल विकतात. तिने तीन बाटल्या मागवल्या. ही जाहिरात आहे की कार्यक्रम? (पंचवटी)

उत्तर : जाहिरातच आहे, कार्यक्रमाचा वेष घेतलेली. केबल नियमांच्या नियम ७ नुसार जाहिरात ही कार्यक्रमापासून स्पष्टपणे वेगळी ओळखू आली पाहिजे, आणि चमत्कारिक गुणांचा दावा करणारी जाहिरात दाखवता येत नाही. काही आजारांवरील उपचारांच्या जाहिरातींना १९५४ च्या औषधे आणि जादूई उपचार कायद्यानेही बंदी आहे. स्थानिक केबल वाहिनीसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हास्तरीय संनियंत्रण समिती असते. सीबीएस बसस्थानकाजवळच्या जिल्हाधिकारी कार्यालयात त्या समितीच्या नावाने लेखी अर्ज द्या आणि आवक शिक्का मारलेली प्रत जपून ठेवा. समितीची शेवटची बैठक कधी झाली, हे माहितीच्या अधिकारात विचारलेत तर तुमच्या अर्जालाही गती मिळेल. जाहिरातीसाठी मुंबईच्या जाहिरात मानक परिषदेकडेही ऑनलाइन तक्रार करता येते. आईंना मात्र ‘तुला फसवले’ असे म्हणू नका. ‘हा कार्यक्रम पैसे देऊन लावलेला असतो’ एवढे सांगा. गुडघे खरेच दुखत असतात.

प्रश्न : मी वृत्तवाहिनीसाठी बातमीमागे पैसे घेऊन काम करणारा स्ट्रिंगर आहे. डेस्कवरून ‘रडणारी बाई हवी’, ‘दोन्ही गटांचे भडक बाईट घे’ असे फोन येतात. नाही म्हटले तर पुढची बातमी दुसऱ्याला जाते. आमच्यासाठी नियामक काय करतो? (मालेगाव)

उत्तर : जवळजवळ काही नाही, आणि या सबंध व्यवस्थेतले सर्वांत मोठे भोक तेच आहे. संहिता संपादकासाठी लिहिली जाते, दंड कंपनीला होतो, आणि बूम माइक हातात धरून जमावासमोर उभा राहणारा माणूस कुणाच्याच नोंदवहीत नसतो. त्याला नेमणूकपत्र नाही, प्रशिक्षण नाही, आणि नकार दिल्यास संरक्षणही नाही. नियामकाने परवान्याच्या नूतनीकरणाच्या वेळी तीन कागद मागितले तरी बराच फरक पडेल : स्ट्रिंगरांची यादी, त्यांच्या प्रशिक्षणाची नोंद, आणि नीतीच्या कारणावरून काम नाकारल्यास काम काढून घेतले जाणार नाही असे लेखी धोरण.

हे आधी व्हायला हवे, दुर्घटनेनंतर नव्हे. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यात कमांडोंच्या हालचाली थेट दाखवल्या गेल्या. सर्वोच्च न्यायालयाने कसाबच्या अपिलावरील ऑगस्ट २०१२ च्या निकालात वाहिन्यांच्या त्या वर्तनावर कठोर शब्दांत टीका केली. आणि दहशतवादविरोधी कारवाईच्या थेट प्रक्षेपणाला मनाई करणारा नियम मार्च २०१५ मध्ये आला. सहा वर्षांहून अधिक काळ लोटला होता. नाशिक-त्र्यंबकेश्वरचा सिंहस्थ २०२७ मध्ये आहे. २७ ऑगस्ट २००३ च्या चेंगराचेंगरीत ३९ भाविक दगावले, हे या गावाला विसरता येणार नाही. रामकुंडावर गर्दी वाढली की ‘पूल पडला’, ‘वायर तुटली’ अशी एक पट्टी पडद्यावर झळकणे म्हणजे काय, हे आतापासून प्रत्येक स्ट्रिंगरला आणि त्याच्या डेस्कला शिकवायला हवे. जिल्हा माहिती कार्यालय, वाहिन्यांचे स्थानिक प्रतिनिधी आणि पोलीस यांनी एका टेबलावर बसून अफवेची खातरजमा कोण करील, कोणत्या क्रमांकावर, किती मिनिटांत, एवढे तरी लिहून घ्यावे.

तुम्ही स्वतः तोपर्यंत एक करा. डेस्कवरून तोंडी सूचना आली की ‘नेमके काय हवे ते मेसेजवर पाठवा’ असे नम्रपणे लिहा. बहुतेक वेळा पुढचा मेसेज येत नाही. आला, तर तो जपून ठेवा.